पास झालेला खेकडा

आमच्या चाळीतल्या शेवटच्या खोलीत राहणारे सर खेकड्यांना अहो-जाहो करायचे आणि कॉलेजच्या पोरांपासून प्राचार्यांपर्यंत यच्चयावत पुरुषांना अरे-तुरे. "सात नंबरच्या बाई आज फार चिडलेल्या आहेत," असं ते सकाळी नळावर गंभीरपणे सांगत आणि लगेच मागे उभ्या असलेल्या माणसाला म्हणत, "ए, तुझी बादली सरकव." मी कंपनीत इन्स्पेक्शन खात्यात होतो, म्हणून मला ते 'इन्स्पेक्टर' म्हणायचे. नवख्या माणसाला वाटायचं मी पोलिसात आहे. सर तो गैरसमज कधी दूर करायचे नाहीत, मीही करायचो नाही.

सत्तर सालानंतरची ही गोष्ट. काळेवाडीच्या अलीकडे, पवनेला मिळणाऱ्या एका ओढ्याच्या काठी आमची पत्र्याची चाळ होती. अकरा बिऱ्हाडं, आणि अकराच्या अकरा कंपन्यांमधली. बाराव्या खोलीत सर. ते कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे. त्यांच्या पगारात पुण्यात दोन खोल्यांची चांगली जागा मिळाली असती. पण तिथं खेकडे नव्हते. आमच्या ओढ्याच्या काठाला खेकड्यांची शंभरेक बिळं होती आणि सरांनी भाड्याची खोली बघायला आल्यावर आधी ती मोजली, मग खोलीचं दार उघडून बघितलं. संडास कुठे आहे हे त्यांनी राहायला आल्यावर तिसऱ्या दिवशी विचारलं.

लोक म्हणायचे, सर खेकड्यासारखे तिरपे चालतात. हे साफ खोटं आहे. सर सरळच चालायचे, फक्त दोन्ही खिशांत खेकडे असले की अंग आखडून चालायचे, आणि खिशात खेकडे नसतील असा दिवस पावसाळ्यात नसायचाच. त्यांच्या सगळ्या विजारींना खिशापाशी ठिगळं होती. लग्न केलं नव्हतं. मी एकदा कारण विचारलं तर म्हणाले, "स्थळं यायची ती नेमकी जून ते सप्टेंबरात." पिठलं-भाकरी, ताक आणि वाटाण्याची उसळ एवढ्यावर त्यांचं चालायचं. खेकड्याचं कालवण त्यांनी जन्मात तोंडाला लावलं नव्हतं. "मी त्यांना व्यक्तिशः ओळखतो," म्हणायचे.

त्यांच्या तोंडी दोनच वाक्यं कायम असायची. कुणी काहीही सांगितलं की "पुरावा काय?" आणि पुरावा मिळाला की "नोंद करा." माझ्या आईनं एकदा त्यांना सांगितलं की काल दूध नासलं, तर त्यांनी "पुरावा काय?" विचारलं होतं. आईनं पातेलंच त्यांच्या नाकाखाली धरलं. सरांनी वास घेतला, वही काढली आणि खरोखर नोंद केली.

या 'पुरावा काय'नं एकदा कामगारांची अख्खी सभा उधळली. बाहेरगावचे एक पाहुणे भाषणाला आले होते. एकीचं महत्त्व सांगता सांगता त्यांनी ती टोपलीची गोष्ट काढलीच. आपल्या लोकांची खेकड्यांची टोपली, तिला झाकण लागत नाही, कारण एक वर चढला की बाकीचे त्याचा पाय ओढतात, वगैरे. लोक सवयीनं हसले. सर तिसऱ्या रांगेत बसले होते, ते ताडकन उठले.

"हा प्रयोग कुणी केला?"

पाहुणे गोंधळले. "प्रयोग नाही हो, गोष्ट आहे."

"टोपलीची उंची किती होती? खेकडे कुठल्या जातीचे? नर किती, माद्या किती?"

"अहो, आपल्या समाजाबद्दल बोलतोय मी."

"मग समाजाचं नाव घे की! खेकड्यांची बदनामी कशाला करतोस?"

आणि सर तरातरा निघून गेले. पाहुण्यांनी सुटकेचा श्वास टाकला, पण आमची चाळ तिथून दोन मिनिटांवर. सर नऊ खेकड्यांसकट टोपली घेऊन परत आले, ती व्यासपीठावरच्या टेबलावर हारांच्या शेजारी ठेवली आणि हातात घड्याळ घेऊन उभे राहिले. पहिला खेकडा दुसऱ्याच्या पाठीवर पाय देऊन वर आला. कुणी त्याला ओढलं नाही. दुसरा आला, तिसरा आला. चौथा पाहुण्यांच्या धोतरापाशी पोचला तेव्हा पाहुणे खुर्चीवर चढले होते आणि पुढच्या दोन रांगा रिकाम्या झाल्या होत्या. त्या गोंधळात सरांचा आवाज तेवढा खणखणीत येत होता. "एकानंही पाय ओढला नाही! नोंद करा!" नोंद करायला मीच राहिलो होतो, कारण माझी चप्पल टेबलाखाली अडकली होती.

तर या सरांचं संशोधन होतं खेकड्यांच्या घराबद्दल. खेकडा बिळातून निघतो, हिंडतो, मग आपल्याच बिळात परततो की दिसेल त्या बिळात शिरतो? एवढा साधा प्रश्न. पण त्यावर सरांची नऊ वर्षं गेली होती. प्रबंध दोनदा परत आला होता, 'पुरावा अपुरा' म्हणून. ज्या माणसानं आयुष्यभर जगाला पुरावा मागितला त्याला हा शेरा किती लागला असेल! त्यांच्या हाताखाली शिकलेली दोन पोरं एव्हाना डॉक्टर होऊन त्यांच्या वर जाऊन बसली होती.

खेकडे ओळखू यावेत म्हणून त्यांच्या पाठीवर खूण हवी, पाण्यानं न जाणारी. सरांनी मला विचारलं, "इन्स्पेक्टर, तुझ्या कंपनीत असा रंग असेल ना रे?" आमच्या खात्यात रंग सोडून दुसरं होतं काय! फोरमनला विचारून मी तळाशी रंग उरलेले दोन डबे आणले, एक लाल आणि एक हिरवा. सरांनी माद्यांना लाल ठिपका लावला, नरांना हिरवा, आणि ठिपक्याशेजारी बारीक नंबर. कात टाकली की रंगही जायचा, मग सर बिळाशी पडलेली कात शोधून तोच नंबर पुन्हा घालायचे. प्रत्येक बिळाशेजारी सायकलचा तुटका आरा रोवून त्यालाही नंबर दिला. मी मदत करत होतो आणि आपण विज्ञानाची सेवा करतोय म्हणून छाती फुगवून हिंडत होतो.

दोन पावसाळ्यांत सरांच्या हाती भलताच निष्कर्ष लागला. लाल माद्या पुन्हा पुन्हा आपापल्या बिळात सापडत. हिरवे नर मात्र एकदा रंगवले की गायब. आज दहा रंगवावेत तर आठवड्यानं दोन दिसत. सरांनी सिद्धांत मांडला की मादी घर कधीच सोडत नाही आणि नर पावसाळ्यात लांबच्या प्रवासाला निघून जातात. त्यांनी भिंतीवर मोठा नकाशा काढला. आमच्या ओढ्यातून निघालेले हिरवे बाण पवनेत, पवनेतून भीमेत, असे थेट बंगालच्या उपसागरापर्यंत गेले होते. "आपल्या चाळीसारखंच आहे बघ," ते मला हळवे होऊन म्हणाले. "कुणी बीडहून आला, कुणी चिपळूणहून. पुरुष पोटासाठी बाहेर पडतो." त्यांचे डोळे भरून आले होते. खेकड्यांसाठी भरले होते की चाळीसाठी, ते मला अजून कळलेलं नाही.

पुण्याहून त्यांचे मार्गदर्शक रविवारी नकाशा बघायला येणार होते. त्यांनी मान डोलावली की प्रबंध तिसऱ्यांदा जाणार. सर म्हणाले, "या वेळी परत आला तर नोकरी सोडून भावाच्या किराणा दुकानात बसणार. साखरेला कुणी पुरावा मागत नाही."

शनिवारी मी पहिली शिफ्ट करून घरी आलो. आई अंगणात खेकडे साफ करत बसली होती, शेजारी शेवंतामावशी. ही मावशी चाळीतलीच, पण इथल्या मूळ गावातली, नवरा माझ्याच कंपनीत टर्नर. बाजूला खेकड्यांच्या पाठींचा ढीग पडला होता. मी सहज बघितलं. ढिगातल्या प्रत्येक पाठीवर हिरवा ठिपका होता.

"आई, हे काय?"

"काय म्हंजे? पास झाल्यालं हायत सगळं. बघून घेतल्यात."

आमच्या खात्यात तपासलेल्या मालावर हिरवा ठिपका म्हणजे पास, लाल म्हणजे रिजेक्ट, भंगारात टाका. हे पिंपरी-चिंचवडच्या कुठल्याही कामगाराच्या घरात शेंबड्या पोरालाही माहीत. फक्त सरांना माहीत नव्हतं. आणि मला माहीत असून माझ्या डोक्यात आलं नव्हतं!

शेवंतामावशी कौतुकानं म्हणाली, "मास्तर लई माणुसकीचा माणूस. येकयेक खेकडं हातात घिऊन तपासतोय, कुणाला बाधू नये म्हनून. सरकारनं नेमल्यालाय न्हवं? लाल लावल्यालं आमी कुनीबी खात न्हाई. त्यात कायतरी बिघाड आसतोय."

बंगालच्या उपसागरापर्यंत गेलेले ते सगळे हिरवे बाण आमच्या अकरा चुलींवर येऊन थांबले होते. दोन वर्षं मी स्वतः दर आठवड्याला रस्सा ओरपत होतो आणि वर आईला विचारत होतो, यंदा खेकडे मोठे कसे गं मिळतात?

सांगावं की न सांगावं? न सांगितलं तर मार्गदर्शक मान डोलावतील, सर डॉक्टर होतील, कुणाच्या बापाला कळणार नाही. अर्धा तास मी अंगणात येरझाऱ्या घातल्या. शेवटी स्वतःचीच लाज वाटली. रोज शेकडो पार्ट मी पास-नापास करत होतो, आणि चुकीचा माल डोळ्यांदेखत पुढे जाऊ द्यायचा?

सर ओढ्यात गुडघाभर पाण्यात उभे होते. मी सगळं सांगून टाकलं, रश्श्यासकट. हातातला खेकडा त्यांचं बोट चावत होता, तिकडे सरांचं लक्ष नव्हतं. मग म्हणाले, "पुरावा काय?"

मी मूठ उघडली, आत ढिगातून उचललेली एक पाठ होती. हिरवा ठिपका, नंबर बावन्न.

"बावन्न," सर म्हणाले. "हे भीमेत गेलेत असं मला वाटत होतं."

मला वाटलं सर आता रडणार किंवा मला बुडवणार. त्यांनी यातलं काही केलं नाही. खोलीत जाऊन वही आणली आणि दारोदार हिंडायला लागले. कुठला नंबर कधी धरला, कुठे धरला, कसा केला. बायका लाजत सांगत होत्या आणि सर मान खाली घालून लिहीत होते. 'क्रमांक अकरा, कालवण. क्रमांक एकोणतीस, चुलीत भाजून. क्रमांक चाळीस, पाहुणे आल्यामुळे.' नऊ वर्षांच्या कष्टांचा तो पंचनामा बघून मला फार वाईट वाटलं. शेवटी ते शेवंतामावशीच्या दारात आले.

"आणि लाल मिळाले तर काय करायचात मावशी?"

"फेकायची की. हितं जवळ नगं, पोरासोरांनी खाल्लं तर? म्हनून पार पुलापल्याड वीटभट्टीकडं जाऊन टाकायची." मग तिला एकदम राग आला. "पर मास्तर, लाल लई चिवट! ती सतरा नंबरची तर चारदा फेकली मी. दोन-तीन दिसांत पुन्यांदा त्याच आऱ्यापाशी हजर!"

सरांचा पेन खाली पडला. "सतराच कशावरून?"

"आमच्या ह्यांचा कंपनीतला टोकन नंबर सतराच हाय न्हवं का."

सर वही चाळायला लागले. सतरा नंबरच्या बाई दर आठवड्याच्या मोजणीत आपल्या बिळातच सापडल्या होत्या, म्हणून सरांनी लिहून ठेवलं होतं की त्या हलतच नाहीत. आणि बाई तर पुलापल्याडून, दोन-अडीचशे पावलांवरून, उन्हातान्हातून चार वेळा चालत घरी आल्या होत्या. खेकडा उचलून लांब नेऊन सोडायचा हा प्रयोग करायला सरांचं मन कधी धजावलं नव्हतं. तो मावशीनं दोन वर्षं फुकटात केला होता. सरांनी चष्मा काढला आणि वाकून शेवंतामावशीच्या पायांना हात लावला.

"अगं बया! मास्तर, आसं काय करताय!" म्हणत मावशी जी आत पळाली ती संध्याकाळपर्यंत बाहेर आली नाही.

रविवारी मार्गदर्शक आले. धीरगंभीर माणूस, सफारी घातलेला. सरांनी नकाशा उलटा करून ठेवला होता. त्यांनी चुलींपर्यंतची सगळी हकीकत लपवाछपवी न करता सांगितली. मार्गदर्शक म्हणाले, "मावशींचं म्हणणं मी शास्त्रीय पुरावा म्हणून मांडू शकत नाही. माझ्यासमोर सोडा." मग त्यांनी सरांची रंगाची बारीक काडी घेतली आणि सतरा नंबरच्या बाईंच्या पाठीवर, ठिपक्याच्या शेजारी, आपली सही केली. मावशीनं बाईंना नेहमीच्या जागी नेऊन टाकलं. "पुढच्या रविवारी येतो," म्हणून मार्गदर्शक गेले.

आता बाई येईपर्यंत बिळाशी पहारा हवा. तो कसा ठेवायचा हे आमच्या चाळीला शिकवायला नको होतं. लगेच तीन शिफ्ट लागल्या. ज्याची कंपनीत पहिली त्याची ओढ्यावर दुसरी. रजिस्टर झालं, सह्या झाल्या, बदली माणूस आल्याशिवाय जागा सोडायची नाही असं ठरलं. दोन दिवसांपूर्वीपर्यंत ज्यांनी सरांचा सिद्धांत मटकावला होता तेच लोक आता डबा घेऊन चिखलात बसले. सोमवार गेला, मंगळवार गेला. सर जेवेनात. शर्ट उलटा घालून कॉलेजला गेले आणि तसेच परत आले. बुधवारी मला म्हणाले, "भावाला पत्र टाकतो. गल्ल्यावर बसायला शिकावं लागेल." मला त्यांच्याकडे बघवेना.

गुरुवारी दुपारी भुरभुर पाऊस होता. तीनचा भोंगा झाला आणि पाठोपाठ काठावरून शेवंतामावशीच्या नवऱ्याची आरोळी आली, "सतरा नंबर हजर!"

सगळी चाळ धावली. बाई आल्या होत्या. चिखलानं माखलेल्या, एक पाय कमी, पण पाठीवर लाल ठिपका आणि इंग्रजी सही शाबूत. त्या सतरा नंबरच्या आऱ्यापाशी थांबल्या. घरात मात्र दुसराच कुणी घुसला होता. एक हिरव्या ठिपक्याचा नर, आमच्या चुलींमधून सुटलेला, आरामात तोंडाशी बसला होता. बाईंनी क्षणभर बघितलं. मग नांगी पुढे केली, त्याचा पाय धरला आणि सगळ्यांच्या देखत त्याला ओढून बाहेर काढलं.

"पाय ओढला!" अख्खी चाळ एका सुरात ओरडली. "सर, पाय ओढला!"

"याची नोंद करू नका!" सर त्याहून मोठ्यानं ओरडले, आणि मग चिखलात बसून लहान मुलासारखे हसायला लागले. हसता हसता रडले. मीही रडलो, सांगायला लाज कसली.

प्रबंध मान्य झाला. पाय ओढल्याची नोंद सरांनी शेवटी केलीच, तळटीपेत. 'एकदा ओढला. जागेच्या वादातून.' नरांविषयी त्यांनी लिहिलं होतं की ते कुठे जातात याचा पुरावा भरपूर आहे, मात्र संशोधकानं तो स्वतः चाखलेला नाही. आभाराच्या पानावर पहिलं नाव शेवंतामावशीचं होतं. मावशीला वाचता येत नव्हतं. तिनं ते पान देव्हाऱ्यात ठेवलं.

त्यानंतर सरांनी शहाणपणा केला आणि नर-माद्या सरसकट लाल रंगवायला लागले. कुणी खाईना. दोन पावसाळ्यांत ओढ्यात इतके खेकडे झाले की नळावर, मोरीत, कुणाच्या बुटात, जिथं तिथं लाल ठिपके. मावशी रोज अजिजी करायची, "मास्तर, दोन-चार तरी पास करा की वो!" सर मान हलवून 'नाही' म्हणायचे. आमच्या कंपनीचा चीफ इन्स्पेक्टरसुद्धा इतका कडक नव्हता.

ऐंशीच्या सुमाराला त्यांना लांब विदर्भातल्या एका कॉलेजात विभागप्रमुखाची जागा मिळाली. निघायच्या दिवशी सकाळी ट्रंक टांग्यात चढवून ते माझ्या दारात आले. खिशात हात घातला, आखडले, आणि एक हा एवढा थोरला खेकडा काढून माझ्या हातावर ठेवला. त्याच्या पाठीवर ओला, ताजा हिरवा ठिपका होता.

"आईंना दे," ते म्हणाले. "रीतसर तपासलाय. पास आहे." मग तोंड फिरवून टांग्यात बसले आणि टांगेवाल्याला म्हणाले, "चल रे." मागे बघितलं नाही.

ज्या माणसानं साऱ्या चाळीच्या विनवण्यांना दाद दिली नाही, त्यानं माझ्यासाठी एक ओळखीचा जीव पास केला होता. मी तो आईपुढे नेला. आईनं वाटण थांबवलं, खेकड्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाली, "मला न्हाई जमायचं रं. जा, सोडून ये."

लाल रंगाचा डबा सरांच्या ओसरीवर तसाच होता. मी ओढ्यावर गेलो, हिरव्या ठिपक्यावर लाल ठिपका चढवला, वाळेपर्यंत फुंकर घातली आणि त्याला काठावर सोडलं. तो सरळ एका आऱ्याशी गेला आणि आत शिरला. बत्तीस वर्षं मी इन्स्पेक्शनमध्ये काढली. चांगला, धडधाकट, पास झालेला माल जाणूनबुजून रिजेक्ट केला तो तेवढा एकच.